एवढुशा फोटोचा भिंतीवरचा फोटो : स्कॅनिंगमध्ये गेलेला दीड महिना

धुळवडीनंतरच्या रविवारी, १६ मार्च २०२५ ला, आजीनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घ्यायला लावली. तिला एक जुनं लुगडं पाहिजे होतं. त्या लुगड्याच्या घडीतून आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, जिनिंगचा (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा) पास निघाला. जाड पुठ्ठ्याचा, मधोमध दुमडून भेगाळलेला. डाव्या कोपऱ्यात खळीनं चिकटवलेला फोटो आणि त्यावर जांभळा गोल शिक्का, अर्धा पुठ्ठ्यावर, अर्धा आबाजींच्या सदऱ्याच्या कॉलरवर. आबाजी जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलायचे. १९९१ साली ते गेले. त्यांचा एकट्याचा असा हा एवढाच फोटो घरात आहे.

आजी आता ८४ वर्षांची आहे. तिनं पास डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि माझ्या हातात दिला. "एवढुसाच हाय. मले आता दिसत नाई. मोठा करून आण बाप्पा, आखाजीले पूजेत ठेवू."

आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांची पूजा असते. त्या वर्षी ती ३० एप्रिलला होती. दीड महिना हातात होता आणि मला वाटलं, हे तर एका दिवसाचं काम. प्रत्यक्षात चार वेळा यवतमाळला जावं लागलं आणि चार हजारांवर खर्च झाला. आमच्या भागात बहुतेक घरांत आजा-आजीचा असा एखादाच फोटो असतो, तोही पासावरचा नाहीतर कुठल्याशा कार्डावरचा. त्यामुळे मी कुठे चुकलो आणि शेवटी काय जमलं ते तपशिलानं लिहून ठेवतो आहे. माझं दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे. लॅपटॉप बिलं काढण्यापुरता वापरत होतो, फोटोचं काम यापूर्वी कधी केलं नव्हतं.

१८ मार्चला पास घेऊन तालुक्याला झेरॉक्स सेंटरवर गेलो. सातबारे आणि आधार स्कॅन करून देणारं नेहमीचं सेंटर. त्यानं पास काचेवर ठेवला, बटण दाबलं, दहा रुपये घेतले आणि फाइल मोबाइलवर पाठवून दिली. २२ तारखेला तीच फाइल एका स्टुडिओत दिली आणि १२ बाय १८ इंचांचा मोठा फोटो मागितला. भिंतीवर दिसेल असा. स्टुडिओवाला म्हणाला, "भाऊ, फाइल खूप लहान आहे, पण सॉफ्टवेअरनं साफ करून देतो." साडेतीनशे रुपये दिले. संध्याकाळी फोटो मिळाला. चेहरा गुळगुळीत, डोळे चमकदार, कॉलर इस्त्रीची.

आजीनं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हे नोहेत तुये आबाजी. त्यायच्या भुवईतली चीर कोठी गेली?"

आबाजींच्या डाव्या भुवईत एक चीर होती. काट्याचा आकडा लागला होता त्यांना, लग्नाच्या आधी. पासावरच्या फोटोत ती केसाएवढी बारीक दिसते, पण दिसते. मोठ्या फोटोत तिथं अखंड, काळीभोर भुवई होती. सॉफ्टवेअरला खाली काही सापडलंच नाही, तेव्हा त्यानं स्वतःच्या मनानं भुवई भरली. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोटो बिघडला एवढंच असतं तर वेगळं. आजीसमोर मी परका माणूस आणून ठेवला होता.

हे असं का झालं याचा हिशेब मला नंतर लागला, पण तो इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन फोटो मोजला. रुंदी ३.२ सेंटिमीटर, उंची ४ सेंटिमीटर. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणजे फोटो साधारण १.२६ बाय १.५७ इंचांचा. झेरॉक्स सेंटरवर कागदपत्रांसाठी २०० डीपीआयवर स्कॅन करतात. डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके वाचतो तो आकडा. म्हणजे आबाजींच्या फोटोला मिळाले २५२ बाय ३१५ पिक्सेल. वर ती ए-फोर पानाची अख्खी फाइल चॅटिंगच्या ॲपवर फोटो म्हणून आली. अशी ॲपं फोटो पाठवताना तो लहान करतात. माझ्या मोबाइलमध्ये पानाची लांब बाजू २३३९ पिक्सेलवरून १६०० वर आलेली होती. आबाजींच्या वाट्याला उरले १७२ बाय २१५. आणि त्यातून मी १८ इंच उंचीचा फोटो मागत होतो. २१५ भागिले १८, म्हणजे इंचाला बारा ठिपके. बारा ठिपक्यांत भुवईची चीर कुठून येणार?

तेव्हापासून एक नियम पाळतो. कुणालाही स्कॅनची फाइल पाठवायची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, 'फोटो' म्हणून नाही. नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जायचं.

गुढीपाडव्याला ठरवलं की स्कॅनिंग स्वतः शिकायचं. २ एप्रिलला एका ओळखीच्या माणसाचं बंद पडलेलं दुकान होतं, तिथून सपाट काचेचा जुना स्कॅनर २,३०० रुपयांत घेतला. यूएसबीच्या एकाच वायरवर चालणारा, वेगळा प्लग नाही. हे फार कामाचं निघालं, कारण एप्रिलात आमच्याकडे दुपारी लाइन जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर हा स्कॅनरही चालतो. जुना घेत असाल तर दोन गोष्टी पाहून घ्या. एक, त्याचा ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) तुमच्या विंडोजवर बसतो का, हे पैसे देण्याआधी तिथंच तपासा. दुसरं, एक पांढरा कागद स्कॅन करून पाहा. उभ्या रेघा आल्या तर काचेखाली किंवा सेन्सरवर धूळ आहे. माझा स्कॅनर पातळ आहे, त्यात सेन्सर काचेला अगदी खेटून असतो. असे स्कॅनर काचेला चिकटलेला कागद छान वाचतात, पण फोटो जरा जरी वर उचललेला असला तर तेवढा भाग धूसर येतो. पासाचा पुठ्ठा दुमडीवर वर येत होता. त्यासाठी वर झाकणाऐवजी एक मऊ सुती कापड आणि त्यावर मुलीचा शब्दकोश ठेवला. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा विचारही करू नका. जुनी खळ फोटोचा कागद घेऊन निघते.

कूलरसमोरही हे काम करू नका. ओल्या हवेनं जुना फोटो वळतो आणि काचेला चिकटूही शकतो. मी कूलर बंद करून, घाम टिपत, फोटोला फक्त कडेनं धरत होतो.

३ एप्रिलच्या रात्री पहिला प्रयत्न केला. वाटलं, जेवढं जास्त तेवढं चांगलं. डीपीआय १२०० केला आणि स्कॅन दाबलं. लॅपटॉप गोठला. १५ मिनिटं वाट पाहून शेवटी बटण दाबून बंद करावा लागला. कारण साधं होतं. मी आधी 'प्रीव्ह्यू' घेतला नव्हता आणि फक्त फोटोभोवती चौकट ओढली नव्हती, त्यामुळे स्कॅनर अख्खी ए-फोर काच वाचत होता. ए-फोर पान १२०० डीपीआयवर रंगीत घेतलं तर १४ कोटींच्या जवळपास पिक्सेल होतात आणि फाइल ४०० एमबीच्या वर जाते. तेच पान ३०० वर घेतलं तर २६ एमबी. डीपीआय दुप्पट केला की फाइल चौपट होते, कारण रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट होतात. आधी प्रीव्ह्यू, मग चौकट, मग डीपीआय, हा क्रम माझ्या डोक्यात त्या रात्री पक्का बसला. चौकट ओढल्यावर तोच १२०० डीपीआयचा स्कॅन मिनिटभरात झाला आणि फाइल आठ-नऊ एमबीची आली.

खरा गोंधळ पुढे होता. स्कॅनरच्या खिडकीत, 'ॲडव्हान्स्ड' मोडमध्ये, तीन रकाने दिसतात: रिझोल्यूशन, आउटपुट साइज आणि स्केल. रिझोल्यूशन म्हणजे डीपीआय, ते कळलं होतं. आउटपुट साइज इंचात, आणि स्केल टक्क्यांत. मला फोटो मोठा पाहिजे होता, म्हणून मी स्केल ४०० टक्के केलं आणि डीपीआय १२०० च ठेवला. फाइल अगडबंब आली, ६०४८ बाय ७५६० पिक्सेल. भुवईपाशी नेऊन पाहिलं तर चीर काही जास्त स्पष्ट झालेली नव्हती. फक्त सगळं पसरट झालं होतं.

त्याचा उलगडा करायला दोन रात्री गेल्या, ८ आणि ९ एप्रिल. ग्राहक नसले की दुकानातही तेच करत बसायचो. (एप्रिलात बियाण्याचं गिऱ्हाईक नसतं, म्हणून जमलं. मेअखेर असतं तर जमलं नसतं.) एकाच फोटोचे दोन स्कॅन केले. पहिला १२०० डीपीआय, स्केल १०० टक्के. दुसरा ३०० डीपीआय, स्केल ४०० टक्के. दोन्ही फाइलींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या. दोन्ही १५१२ बाय १८९० पिक्सेलच्या, तंतोतंत सारख्या. फरक एवढाच की पहिल्या फाइलच्या पोटात लिहिलेलं होतं 'मला १.२६ इंच रुंद छापा' आणि दुसरीच्या पोटात 'मला ५.०४ इंच रुंद छापा'.

म्हणजे स्केलचा आकडा वेगळं काही करत नाही, डीपीआयला गुणतो. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००. आणि मी जे आधी केलं होतं, १२०० गुणिले ४, ते झालं ४८००. माझा स्कॅनर खऱ्या अर्थानं २४०० पर्यंतच वाचतो. तो आकडा ऑप्टिकल रिझोल्यूशन म्हणून माहितीपत्रकात दिलेला असतो. त्याच्या वरचं सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतं. स्टुडिओत जे झालं तेच, फक्त कमी प्रमाणात. मी लगेच स्केल १०० टक्क्यांवर आणलं आणि तेव्हापासून हात लावलेला नाही. डीपीआय एकच आकडा बदलायचा, हिशेब सोपा राहतो.

मग डीपीआय किती? याला शेवटाकडून मोजत यावं लागतं. फोटो लॅबची मशीन साधारण इंचाला ३०० पिक्सेलनं छापते. २०० पर्यंत असलं तरी हातात धरून चांगलं दिसतं, भिंतीवर लांबून पाहायला १५० सुद्धा चालतं. मला १० इंच उंच फोटो पाहिजे असेल तर ४ सेंटिमीटरचा फोटो ६.३५ पट वाढवायचा. ३०० गुणिले ६.३५, म्हणजे जवळपास १,९०० डीपीआय. स्कॅनरला ते झेपतं, म्हणून २४०० वर एक स्कॅन केला आणि १२०० च्या शेजारी लावून पाहिला.

इथं एक गोष्ट समजली जी मला कुणी आधी सांगायला पाहिजे होती. २४०० च्या स्कॅनमध्ये चीर अधिक चांगली दिसली नाही. दिसला तो फोटोच्या कागदाचा दाणा, शिक्क्याच्या शाईचे कण, एक सुतासारखा ओरखडा. फोटो छापला गेला तेव्हा त्यात जेवढा तपशील उतरला तेवढाच त्या कागदात आहे. त्याच्या पुढे स्कॅनर कितीही वाकून पाहो, त्याला कागद दिसतो, माणूस दिसत नाही. जुन्या छापील फोटोंना ६०० पुरतो, अगदी लहान असेल तर १२००. मी १२०० वर थांबलो.

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. जिंप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करून पाहता येतात. पिवळे डाग लाल भागात जवळपास नाहीसे होतात, आणि जांभळा शिक्का निळ्या भागात फिकट होतो. ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांत, स्कॅन केलं असतं तर ही सोय गेली असती. मूळ स्कॅन टिफ प्रकारची फाइल म्हणून जपून ठेवा. जेपीजी दर वेळी बदलून सेव्ह करताना थोडं थोडं झिजत जातं. आणि स्कॅनरच्या खिडकीतले धूळ काढणारे, धार लावणारे सगळे टिक काढून टाका. ते नंतरही करता येतं, पण एकदा स्कॅनमध्ये झालं की परत फिरवता येत नाही.

शिक्का काढावा की ठेवावा यावर घरात बोलणं झालं. आत्या म्हणाली काढून टाक, कॉलर स्वच्छ दिसेल. आजी म्हणाली, "राहू दे. त्यायची नौकरी हाय ते." शिक्का राहिला. डाग तेवढे काढले.

दुसरा फोटो मी त्याच पेटीतून घेतला होता. १९८६ चा, मागे पेनानं साल लिहिलेलं. दारव्हा मोतीबाग स्टेशनवर शकुंतला रेल्वे उभी आहे, समोर आबाजी, आजी, बाबा आणि अगदी उजव्या काठाला सात वर्षांची आत्या, हातात कापडी पिशवी. मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आता ती बंद आहे. फोटो रंगीत, पण लालसर पडलेला आणि खडबडीत कागदावर, ज्याला स्टुडिओवाले सिल्क म्हणायचे. साडेतीन बाय साडेपाच इंचांचा असल्यामुळे इथं ६०० डीपीआय पुरे झाला: ३३०० बाय २१०० पिक्सेल. पण कागदाची जाळी स्कॅनमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी चमकत होती. त्यावरचा उपाय एका व्हिडिओत सापडला. फोटो एकदा सरळ आणि एकदा पूर्ण उलटा, खालची बाजू वर करून स्कॅन करायचा, मग दुसरा स्कॅन जिंपमध्ये फिरवून पहिल्यावर बसवायचा आणि वरचा थर अर्धा पारदर्शक करायचा. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूनं पडतो, त्यामुळे एका स्कॅनमध्ये जाळीच्या खड्ड्याला जिथं चमक तिथं दुसऱ्यात सावली. दोन्ही मिसळले की जाळी बरीच निवळते. बसवायला मला दोन तास लागले, पण इंजिनावरचा धूर पुन्हा धुरासारखा दिसायला लागला.

१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, यवतमाळची लॅब बंद असणार म्हणून १५ ला गेलो. एसटीनं तासाभराच्या वर लागतं. या वेळी थेट मोठा फोटो मागितला नाही. आदल्या दिवशी ४ बाय ६ इंचांच्या दोन पट्ट्या तयार केल्या होत्या. एका पट्टीवर आबाजींचा फक्त चेहरा, १२ बाय १८ च्या फोटोत जेवढा आला असता तेवढा मोठा. दुसऱ्या पट्टीवर तोच चेहरा, फोटो ६ बाय साडेसात इंचांचा केला तर जेवढा येईल तेवढा. एका पट्टीचे वीस रुपये. मोठ्या छपाईच्या आधी ही चाळीस रुपयांची परीक्षा प्रत्येकानं करावी, असं मी मनापासून सांगतो.

दोन्ही पट्ट्या आजीला दाराच्या उजेडात दिल्या. मोठी तिनं लगेच बाजूला ठेवली. तिच्यात चेहरा मऊ, धुक्यातला वाटत होता. दुसरी हातात धरली. तिचं बोट गालावरून वर गेलं आणि डाव्या भुवईवर थांबलं. नखानं तिनं ती चीर चाचपली, कागदावर उंचवटा असावा तशी. "हाव," म्हणाली, "हे हायेत."

तेव्हा आकार ठरला, ६ बाय साडेसात. १५१२ भागिले ६, इंचाला २५२ पिक्सेल. मला भिंतीवर मोठं काहीतरी पाहिजे होतं, ते फ्रेमवाल्यानं सोडवलं. त्यानं १० बाय १२ ची फ्रेम सुचवली, आत पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, चारही बाजूंनी दोन-सव्वादोन इंच मोकळी जागा, मधे फोटो. फोटो न ताणता भिंतीवरची जागा भरली.

१९ एप्रिलला दोन्ही फोटो छापायला दिले. आबाजींच्या फाइलसाठी मी ८ बाय १० इंचांचा पांढरा कॅनव्हास, २०१६ बाय २५२० पिक्सेलचा, करून त्याच्या मधोमध फोटो बसवून नेला होता. कागदाच्या मापाचीच फाइल असल्यामुळे मशीनला ताणायला किंवा कापायला काही उरलं नाही. फोटो पट्टीनं मोजला, बरोबर ६ इंच. स्टेशनचा फोटो मात्र तसाच दिला, १२ बाय ८ मध्ये. घरी येऊन पाकीट उघडलं तर आत्याचा खांदा आणि हातातली पिशवी गायब. फोटोचं प्रमाण साडेपाचाला साडेतीन, कागदाचं बाराला आठ. कागद पूर्ण भरण्यासाठी मशीननं दोन्ही टोकांना पाव-पाव इंचाच्या वर कापलं होतं. आत्या काठावर उभी होती, तीच कापली गेली. लॅबमध्ये याला 'फिल' म्हणतात. 'फिट' सांगितलं तर पूर्ण फोटो येतो आणि कडेला पांढरी पट्टी राहते. ते सांगायचं मला माहीत नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. ती काही बोलली नाही, फोटो पुन्हा पाकिटात घातला. मला फार लागलं ते.

२३ एप्रिलला पुन्हा गेलो. या वेळी वर आणि खाली ५०-५० पिक्सेलची पांढरी पट्टी जोडून फाइल ३३०० बाय २२०० ची, म्हणजे बरोबर बाराला आठ अशी करून नेली, आणि वर तोंडीही 'फिट' सांगितलं. आत्या पिशवीसकट आली. फ्रेम २८ ला मिळाल्या.

खर्च असा आला: पहिला स्कॅन १०, पहिला चुकलेला फोटो ३५०, स्कॅनर २,३००, पट्ट्या ४०, आबाजींचा फोटो १२०, स्टेशनचा दोनदा मिळून ३००, फ्रेम ४८० आणि ४२०. एकूण ४,०२० रुपये, एसटीचं भाडं वेगळं. स्कॅनर सोडला तर यातले ५१० रुपये माप आधी न ठरवल्यामुळे गेले.

३० एप्रिलला पूजा झाली. आजीनं पाटावर घागरीशेजारी फ्रेम स्वतः ठेवली. दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा ती खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसली होती.

जुलैमध्ये त्याच स्कॅनरवर उलटं काम आलं. पुतणीनं बँकेच्या परीक्षेचा, आयबीपीएसचा पीओचा (बँक अधिकाऱ्याच्या जागेचा) फॉर्म भरला. तिथं सगळं लहान करायचं असतं: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६०, १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी, स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. तिच्या मैत्रिणींचे फोटो रुंद तोंडाचे होत होते, कारण पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा असतो आणि फॉर्मचं प्रमाण त्याहून बुटकं आहे. दोन आकडे जबरदस्तीनं भरले की चेहरा दबतो. आधी फोटोची उंची साधारण ४ सेंटिमीटर राहील एवढा कापायचा, मग लहान करायचा. केबीसाठी इरफानव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीजी सेव्ह करताना फाइलचा आकार ठरवून देता येतो.

अंगठा आणि घोषणापत्र मात्र लहान करावंच लागत नाही. सूचनेतच २०० डीपीआय आणि ३ बाय ३ सेंटिमीटर असं दिलेलं आहे. घोषणापत्राला १० बाय ५. २०० डीपीआयवर ३ सेंटिमीटरचे २३६ पिक्सेल होतात, १० सेंटिमीटरचे ७८७. म्हणून पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं तेवढ्या मापाच्या चौकटी आखल्या, अंगठा आणि मजकूर त्यांत बसवला, आणि २०० डीपीआय, स्केल १००, चौकटीच्या जरा बाहेरून स्कॅन घेतला. पेन्सिल जिंपमध्ये पुसली.

पोर्टलनं चारही फाइली पहिल्याच वेळी घेतल्या. रात्रीचे साडेदहा झाले होते. पुतणी फी भरत होती, आणि आजी शेजारी बसून तिच्या अंगठ्याची शाई पदरानं पुसत होती.